निकाल राखून ठेवला

पंच म्हणून माझी नेमणूक एकमताने झाली, आणि त्या संध्याकाळी एकमताने झालेली ती पहिली व शेवटची गोष्ट ठरली. माझ्या बाजूने दोन मुद्दे होते. पहिला असा की सांगलीच्या न्यायालयात चौतीस वर्षे नोकरी केल्यामुळे मला न्यायनिवाड्याचा अनुभव आहे, असा जावयांच्या मित्रमंडळींचा समज होता. वस्तुतः मी तिथे कारकून होतो. पुकारा झाला की कागद साहेबांपुढे ठेवायचे आणि काम संपले की ते उचलून पुढची तारीख टाकायची, एवढाच न्यायाशी माझा संबंध आला. दुसरा मुद्दा असा की अमेरिकन संगीतातले मला ओ की ठो कळत नाही, आणि ज्याला काहीच कळत नाही तो निःपक्षपाती असलाच पाहिजे, हे तत्त्व तळघरात जमलेल्या सर्व सुशिक्षित गृहस्थांनी माना डोलावून मान्य केले.

हे तळघर न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, आमच्या लेकीच्या घराखाली आहे. सहा महिन्यांच्या मुक्कामात माझ्या लक्षात आले ते असे की इथल्या मराठी घरांत वरच्या मजल्यावर स्वयंपाक होतो आणि खालच्या मजल्यावर मतभेद होतात. त्या शनिवारी वर मसालेभात शिजत होता. ओक ट्री रोडवरून सकाळी मी स्वतः एकेक निवडून आणलेली कोवळी तोंडली त्यात पडली होती, गोड्या मसाल्याचा वास जिना उतरून खाली आला होता, आणि मधुमेहामुळे रात्री आठच्या ठोक्याला जेवण्याची मला डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. घड्याळात सव्वासात झाले होते. "बाबा, फक्त अर्ध्या तासाचं काम आहे," असे जावई म्हणाले. न्यायालयात असे म्हणणारे वकील मी जन्मभर पाहिले होते, तरीही मी फसलो.

वादाचा विषय असा होता: अमेरिकेत आजवर जे गायक-वादक होऊन गेले, त्यांपैकी संगीतावर सर्वांत मोठा प्रभाव कोणाचा? पंधरा दिवस हा वाद फोनवरून चालला होता, दोघांनी एकमेकांच्या मुलांच्या वाढदिवसाला जाणे टाळले होते, आणि आता प्रकरण आमनेसामने सुनावणीस आले होते. पहिली वीस मिनिटे प्रभाव म्हणजे काय यातच गेली. एकाचे म्हणणे, तबकड्या किती खपल्या ते पाहावे. दुसऱ्याचे म्हणणे, खपावरूनच ठरवायचे असेल तर मग जगात सर्वांत प्रभावशाली पदार्थ बटाटा मानावा लागेल. अखेर मी मिरजेकडच्या माणसाला सुचेल तेच सुचवले. आमच्याकडे एखाद्या बुवांचे मोठेपण त्यांच्या गाण्यावरून ठरते, पण घराणे ठरते ते त्यांच्यामागून किती जण तसे गातात यावरून. आणि शिष्य जर गुरूसारखे खोकूही लागले, तर प्रभाव निर्विवाद सिद्ध झाला असे समजावे. ही व्याख्या सर्वांना पसंत पडली, कारण प्रत्येकाला वाटले की ती आपल्याच उमेदवारासाठी केलेली आहे.

आधी एल्व्हिसवाले उठले. हे व्यवसायाने दंतवैद्य आहेत, त्यामुळे समोरच्याला तोंड उघडू देऊन बोलू मात्र न देण्याची कला त्यांना अवगत आहे. ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत एकोणीस वर्षांच्या एल्व्हिस प्रेस्लीने 'दॅट्स ऑल राइट' म्हटले आणि जग बदलले, असे त्यांनी प्रतिपादन केले. शिवाय आपल्या या गावाने आपले जुने नाव टाकून एडिसन हे नाव घेतले तेही १९५४ सालीच, हा योगायोग पंचांनी विचारात घ्यावा, अशी विनंती केली. मी तो विचारात घेतला आणि बाजूला ठेवला. तेवढ्यात नागपूरचे गृहस्थ म्हणाले, "काय सांगून राहिले तुम्ही? ते गाणं त्याचं होतं का?" ते गाणे आर्थर क्रूडप या मिसिसिपीच्या ब्लूज गायकाचे, त्याने १९४६ साली म्हटलेले, आणि त्याचे पुरेसे पैसे क्रूडपला जन्मात कधी मिळाले नाहीत, असे निष्पन्न झाले. मग 'हाउंड डॉग' पुढे आले. तेही एल्व्हिसच्या तीन वर्षे आधी, १९५३ साली, बिग मामा थॉर्नटन या बाईंनी गाजवलेले होते. दंतवैद्यांचे म्हणणे असे पडले की दुसऱ्याचे गाणे आपले करून दाखवणे हाच खरा प्रभाव. यावर माझे जावई म्हणाले की त्याला आमच्याकडे प्रभाव म्हणत नाहीत, कब्जा म्हणतात. कब्जा या शब्दावर माझे कान टवकारले, कारण सांगलीच्या न्यायालयातली निम्मी कपाटे त्या एका शब्दाने भरलेली आहेत.

जावई चक बेरीच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे साधे होते: जगात कुठेही चार पोरे गिटार घेऊन गॅरेजमध्ये शिरली की पहिल्या तासाभरात जे वाजवू पाहतात ते सेंट लुइसच्या या माणसाचे असते. गाण्याच्या सुरुवातीला गिटारने आरोळी ठोकायची ही रीत १९५८ च्या 'जॉनी बी. गुड'मुळे घरोघरी गेली. बीटल्सनी त्याची गाणी मुद्रित केली, रोलिंग स्टोन्सनी केली. "बाबा, तुमच्या व्याख्येप्रमाणे लोक त्याच्यासारखं खोकतात," असे ते म्हणाले, आणि मला ते जवळजवळ पटले होते. पण नागपूरकरांनी पुन्हा हात वर केला. चक बेरीच्या गाण्यांमागे ज्याचा पियानो होता त्या जॉनी जॉन्सनने, आपणही या गाण्यांचे सहरचनाकार आहोत असा दावा २००० साली न्यायालयात दाखल केला होता आणि दोन वर्षांनी तो फेटाळला गेला. का फेटाळला, असे मी विचारले. फार वर्षे उलटून गेली म्हणून.

मुदतबाह्य! मला अमेरिकन संगीतातली पहिली गोष्ट कळली ती ही. माणूस वर्षानुवर्षे शेजारी बसून पियानो वाजवतो, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी जेव्हा त्याला वाटते की आपलाही यात वाटा होता, तेव्हा खिडकी बंद झालेली असते. अशी किती माणसे मी खिडकीच्या आतून पाहिली आहेत! त्यांना पियानो येत नव्हता, एवढाच फरक.

पावणेआठ वाजता लेक अर्धा जिना उतरून आली. तिच्या हातात डाव होता. पाने कधी वाढायची एवढेच तिला विचारायचे होते, पण भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलेली उमेदवारांची यादी तिने वाचली आणि म्हणाली, "यात एकही बाई नाही?" तळघरात अशी शांतता पसरली, जशी आयकर खात्याचा माणूस दारात दिसल्यावर दुकानात पसरते. मग तिने तिथेच उभ्याने सिस्टर रोझेटा थार्प यांचे प्रकरण मांडले. आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट गावी १९१५ साली जन्मलेली, चर्चची भजने विजेच्या गिटारवर म्हणणारी ही बाई. एल्व्हिस शाळेत होता तेव्हा, १९४५ साली, तिचे एक भजन कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले होते, आणि त्यातली गिटार ऐकून आज कोणीही त्याला रॉक अँड रोलच म्हणेल. १९४७ साली जॉर्जियातल्या मेकन गावात चौदा वर्षांचा एक मुलगा कार्यक्रमाआधी गाताना तिने ऐकला, त्याला रंगमंचावर बोलावले आणि वर पैसेही दिले. तो पुढे लिटल रिचर्ड झाला. पण लेकीने सांगितलेल्या गोष्टींतली मला सर्वांत आवडलेली निराळीच. १९५१ साली या बाईंनी वॉशिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियमवर तिकीट लावून लग्न केले. वीस हजारांवर वऱ्हाड पैसे मोजून आले, अक्षता पडल्यावर नवरीने शालूवरच गिटार उचलली आणि मैफल केली. "कृपया आहेर आणू नये" असे पत्रिकेवर छापणारे मी पुष्कळ पाहिले; "तिकीट खिडकीवर मिळेल" असे छापण्याची हिंमत आमच्या समाजात अजून कोणाची झालेली नाही. या बाईंना रॉक अँड रोलच्या सन्मानगृहात स्थान मिळाले ते २०१८ साली, म्हणजे मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. लेकीने फळ्यावर नाव लिहिले, सर्वांच्या वर, आणि डाव घेऊन निघून गेली. तिची उलटतपासणी घेण्यास कोणीही पुढे आले नाही, कारण जेवण तिच्या ताब्यात होते.

डिलनवाल्यांचे प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यांनी ते थोडक्यात आटोपले नाही. हे पार्ल्याचे, स्वतः कविता करतात. गाण्याला अर्थ असतो हे जगाला बॉब डिलनने शिकवले, २०१६ चे नोबेल उगाच मिळत नाही, असे सांगता सांगता ते भरात आले आणि १९६१ साली डिलन वूडी गथ्री या आपल्या दैवताला भेटण्यासाठी इथल्याच, न्यू जर्सीतल्या, ग्रेस्टोन रुग्णालयात कसा येत असे, आजारी गथ्रीला गथ्रीचीच गाणी म्हणून कसा दाखवत असे, याचे त्यांनी गहिवरून वर्णन केले. "म्हणजे तो गथ्रीसारखा खोकत होता," असे दंतवैद्य शांतपणे म्हणाले. डिलनवाले खाली बसले. आपल्याच साक्षीदाराने खटला बुडवल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण इथे वकील, साक्षीदार आणि पक्षकार एकच होता.

आठ वाजले. माझ्या पोटातल्या कावळ्यांनीही आता बाजू मांडण्यास सुरुवात केली होती.

नागपूरचे गृहस्थ आतापर्यंत दुसऱ्यांचीच प्रकरणे खोडत होते. आता ते स्वतःचे घेऊन उभे राहिले. त्यांचा उमेदवार लुई आर्मस्ट्राँग, हे मला आधीपासून ठाऊक होते, कारण एडिसनमध्ये भारतातून कोणाचेही आईवडील आले की हे गृहस्थ त्यांना जॅक्सन हाइट्सला भाजी आणायला नेतो म्हणून गाडीत घालतात आणि तिथून जवळच, न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्समधल्या कोरोना भागात, आर्मस्ट्राँगच्या घरात नेऊन सोडतात. मलाही नेले होते. घर आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या सुखवस्तू प्राध्यापकाचे असावे तसे, रस्त्यालगत, विटांचे. बाहेरून साधे, पण आत स्वयंपाकघर आहे ते मात्र मोरपिशी निळ्या रंगाचे, ओट्यापासून कपाटांपर्यंत एकच चकचकीत रंग, जणू मोटार रंगवता रंगवता उरलेला हात भिंतीवर मारला आहे. हे घर त्यांच्या पत्नीने १९४३ साली ते दौऱ्यावर असताना परस्पर घेतले होते. परत आल्यावर पत्ता पाहून दाराशी उतरलेल्या आर्मस्ट्राँगना हे आपलेच घर यावर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवले. मला हा माणूस त्या टॅक्सीमुळे आवडला.

दुसरे कारण त्यांच्या जन्मतारखेचे. आर्मस्ट्राँग आयुष्यभर ४ जुलै १९०० ही तारीख सांगत राहिले, म्हणजे दिवस अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा आणि वर्ष हिशेबाला सोपे. त्यांच्या मृत्यूनंतर न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमधल्या नोंदीत ४ ऑगस्ट १९०१ अशी निघाली. दंतवैद्यांनी याला खोटी साक्ष म्हटले. मी ती हरकत तत्काळ फेटाळली. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर १ जून आहे, माझ्या वर्गातल्या अठ्ठावीस मुलांच्या दाखल्यावर १ जून आहे, आणि आम्हा सर्वांच्या माता एकाच दिवशी बाळंत झाल्या नव्हत्या.

मग नागपूरकरांनी तबकडी लावली. २८ जून १९२८ रोजी शिकागोत मुद्रित झालेले 'वेस्ट एंड ब्लूज'. खरखर झाली, आणि मग एकट्या ट्रम्पेटने बोलायला सुरुवात केली. ना ठेका, ना पेटी, ना सोबत कोणी. आधी चार खणखणीत सूर, दार ठोठावल्यासारखे; मग एकदम वर झेप, तिथे क्षणभर ठाण मांडून पुन्हा वळणे घेत, अडखळल्याचे नुसते सोंग करत खाली. बारा-पंधरा सेकंदांत सारे आटोपले आणि मागाहून बाकीची मंडळी येऊन मिळाली. माझ्या तोंडून "वाहवा" निघून गेले. मी चाळीस वर्षे मैफली ऐकल्या आहेत. समेचा पत्ताच लागू न देता मांडलेली आणि तरीही मुक्कामाला नेमकी पोचलेली तान मला ओळखता येते, मग ती गळ्यातून येवो वा पितळेतून. पंचाने वाहवा म्हणणे नियमात बसते का, यावर चार मिनिटे वाद झाला.

नागपूरकर थांबायला तयार नव्हते. गोऱ्यांच्या कंट्री संगीताचा जनक म्हणवला जाणारा जिमी रॉजर्स १९३० साली 'ब्लू योडेल नंबर ९' म्हणत असताना मागे ट्रम्पेट वाजवतो आहे तोही आर्मस्ट्राँगच, आणि पियानोवर त्यांची तेव्हाची पत्नी लिल. तबकडीवर मात्र त्यांचे नाव नाही. जॅझ त्याचे, गाण्याची ढब त्याची, इकडे कंट्रीच्या पायातही त्याचाच दगड. मी फळ्याकडे जाऊन खडूसारखे ते पेन उचलले होते. तेवढ्यात मी एक प्रश्न विचारला, आणि तो विचारला नसता तर आठ दहाला जेवायला बसलो असतो: "पण यांचे गुरू कोण?"

गुरू म्हणजे जो ऑलिव्हर. 'वेस्ट एंड ब्लूज' ही मुळात त्यांचीच रचना. त्यांच्याही आधी कोण? त्यांच्या आधी न्यू ऑर्लिन्समध्ये बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक होता, त्याच्यापासून सारे सुरू झाले असे जुने लोक सांगत. १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात ठेवले, आणि १९३१ साली तो तिथेच वारला. लावा त्याची तबकडी, असे मी म्हणालो. त्याची तबकडी नाही. एकही नाही. त्याचा एक सूरसुद्धा आज जगात उरलेला नाही. न्यायालयात ऐकीव पुरावा चालत नाही हे मला ठाऊक होते. इथे मूळ पुरुषाचा पुरावा ऐकीवही नव्हता.

बोल्डनचा जन्म १८७७ चा. हे ऐकताच कोपऱ्यात इतका वेळ गप्प बसलेले आमचे व्याही खाकरले. ते विद्युत अभियंते. निवृत्त झाले तरी दिव्याचे बटण दाबताना मान किंचित लववतात. १८७७ साली, म्हणजे बोल्डन जन्मला त्याच वर्षी, आपण बसलो आहोत इथून दहा मिनिटांवर, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत, एडिसनने आवाज साठवण्याचे यंत्र बनवले. ते यंत्र नसते, तर आर्मस्ट्राँगची ती तान नागपूरला कशी पोचली असती आणि एल्व्हिसने क्रूडपचे गाणे कुठून ऐकले असते? म्हणून सर्वांत प्रभावी अमेरिकन संगीतकार टॉमस अल्वा एडिसन. त्याला तर ऐकूच कमी येत होते, असे डिलनवाले ओरडले. ते खरे होते. यंत्राच्या लाकडात दात रोवून तो सूर ऐकत असे, अशी माहिती व्याह्यांनी अभिमानाने पुरवली, तेव्हा दंतवैद्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच एडिसनविषयी आस्था दिसली. आणि तो नको असेल, तर लिओ फेंडर घ्या, असे व्याही पुढे म्हणाले; कॅलिफोर्नियातला हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, १९५४ साली त्याने स्ट्रॅटोकास्टर ही गिटार काढली, पुढे ती अर्ध्या जगाने वाजवली, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. याचे मला मात्र नवल वाटले नाही. मिरजेत तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पिढ्यान्पिढ्या हात फिरवणारी घराणी आहेत. जवारी लावताना, म्हणजे तारांचा झंकार जुळवताना, त्यांचा कान असा लागतो की बुवा बाजूला उभे राहून वाट पाहतात. बुवांचा फोटो छापून येतो, जवारीचा येत नाही. तरीही यादीत आता एक ऐकू न येणारा आणि एक वाजवता न येणारा असे दोन उमेदवार वाढले, आणि साडेआठ वाजले.

याच सुमारास नातू खाली आला. तो चौदा वर्षांचा असल्यामुळे त्याला सर्व माहीत आहे. त्याने फळा वाचला, "हे सगळे जुने आहेत," असा शेरा मारला आणि माझ्या कानाला फोन लावला. "आबा, हे ऐक. सात सेकंद फक्त." नुसता ड्रम होता. मी सवयीने मांडीवर बोटांनी मोजत गेलो: सोळा मात्रा, म्हणजे तीनतालाचे एक आवर्तन. शेवटच्या चार मात्रांत जिथे ठोका यायलाच हवा तिथे तो येत नाही, पायरी चुकल्यासारखा जीव खाली जातो, आणि मग झांज वाजून सारे सावरते. "पुन्हा लाव," मी म्हणालो. त्याने सहा वेळा लावले. १९६९ सालच्या, विन्स्टन्स नावाच्या मंडळींच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचे गाणे होते. त्यातला हा ग्रेगरी कोलमनचा तुकडा. पुढे हिपहॉपवाल्यांनी तो उचलला, इंग्लंडात त्याच्यावर अख्खी नृत्यसंगीताची शाखा उभी राहिली, हजारो गाण्यांत तो कापून चिकटवला गेला. कोलमनला त्याचे काहीही मिळाले नाही. २००६ साली तो विपन्नावस्थेत, राहायला घर नसताना वारला. सात सेकंदांचा धनी, आणि तोही कागदोपत्री नाही. नातवाने एवढे सांगितले आणि फोन परत घेतला. दंतवैद्यही काही बोलले नाहीत.

पावणेनऊला जावयांनी शेवटचा हुकमी पुरावा काढला. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात गेली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, पृथ्वीचे संगीत म्हणून जे सत्तावीस तुकडे तीत निवडले, त्यांत रॉक अँड रोलचा म्हणून एकच माणूस आहे: चक बेरी. "आर्मस्ट्राँग पण हाये त्यात," नागपूरकर म्हणाले. तोही होता, शिवाय टेक्सासचा अंध ब्लूज गायक ब्लाइंड विली जॉन्सनही होता. एल्व्हिस नव्हता. पहिले यान सुटायच्या चार दिवस आधी तो वारला होता, हे दंतवैद्यांनी इतक्या खिन्नपणे सांगितले की जणू त्यामुळेच त्याची गाडी चुकली. जावई फोनवरून यादी वाचत गेले: बाख, मोझार्ट, बीथोव्हन, जावाचे गमेलान, आणि भारतातर्फे केसरबाई केरकर, 'जात कहाँ हो', भैरवी.

मी खुर्चीतून उठलो. चौतीस वर्षांत न्यायालयात मी कधी उठून बोललो नव्हतो. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, ज्यांना मैफलीत ध्वनिक्षेपक समोर ठेवलेला खपत नसे, त्या केसरबाई एका चक बेरीशेजारी बसून निघाल्या आहेत आणि ही गोष्ट मला पंच्याहत्तरी उलटल्यावर एडिसनच्या तळघरात, उपाशीपोटी कळावी! दुसरे यान सुटले ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आता ते यान २,४०० कोटी किलोमीटरांपलीकडे आहे, आणि त्यात साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. भैरवी झाली की मैफल संपते, पुढे कोणी गात नसते. तेव्हा ज्येष्ठता, श्रेष्ठता आणि बैठकीचा रिवाज या तिन्ही कारणांनी निकाल उघड आहे, असे मी ठणकावून सांगितले. "पण बाबा, त्या अमेरिकन नव्हत्या," जावई हळूच म्हणाले. ही हरकत तांत्रिक स्वरूपाची होती, तरीही तिच्यात तथ्य होते. पंच पक्षपाती असल्याचा ठराव मांडला गेला, आणि मला खाली बसवण्यात आले.

वरून लेकीने तळघराचा दिवा बंद केला. एडिसनचा हा दुसरा शोधही किती उपयोगी आहे, हे व्याह्यांनी अंधारात नमूद केले.

मसालेभात थंड झाला होता, तोंडली मऊ पडली होती, आणि मी पावणेदहाला औषधाची गोळी घेतली. नातू वाटीवर चमच्याने तो सात सेकंदांचा ठेका वाजवत होता. तिसऱ्या वेळी, जिथे ठोका यायचा नसतो तिथे, मी हातातला घास तसाच तोंडाशी थांबवला. लेकीने ते पाहिले. मठ्ठा वाढता वाढता तिने विचारले, "मग बाबा, निकाल काय लागला?" साऱ्यांनी जेवणे थांबवले. फ्रिजवर लावलेल्या दिनदर्शिकेपाशी मी गेलो, पेन्सिल उचलली आणि चौतीस वर्षांच्या सरावाच्या अक्षरात लिहिले: उभयपक्ष हजर. युक्तिवाद अपूर्ण. पुढील तारीख, पुढचा शनिवार, सायंकाळी सव्वासात, डिलनवाल्यांचे घर. पाने आधी वाढावीत.